पडद्यावरचं वावर

माझा आवाज चांगला आहे, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. हिंगणघाटला मावशीकडे राहून मी मॅट्रिक झाले, तोवर वक्तृत्वाच्या तीन ढाली शाळेच्या कपाटात जाऊन बसल्या होत्या आणि मावशीच्या गल्लीत कोणाकडे पोथी असली की वाचायला मलाच बोलावणं येई. शुद्ध बोलायचं तर मला वेडच लागलं होतं. सुट्टीत गावी आले की मी ताटावर बसून मायला म्हणायची, "मला भाजी वाढ." माय तव्यावरची भाकर उलटता उलटता हसायची. "मले म्हन नं वो. भाजी का वेगळी लागते?" मला तिचा राग यायचा. आपण शिकलेल्या आहोत हे घरात कोणाला दिसतच नाही, असं वाटून मी फुगून बसायची. मॅट्रिकनंतर लग्न ठरेपर्यंत मला घरी आणून ठेवलं होतं आणि त्या दिवसांत मी सगळ्या गावावर उपकार केल्यासारखी वावरत होते. आता स्वतःच्याच त्या तोऱ्याचं हसू येतं, पण पुढे जे झालं ते या तोऱ्याशिवाय झालंच नसतं, म्हणून तो आधी सांगितला.

आमचं गाव अल्लीपूरहून बैलबंडीनं तासाभराच्या वाटेवर. कार्तिक लागला की घराचं घरपण जायचं आणि नुसता कापूस उरायचा. पुढची खोली छतापर्यंत भरायची, मग मधली, मग देवघराची अर्धी भिंत. आम्ही भावंडं कापसावरच झोपायचो. त्याला एक कोमट, धुळकट वास असतो. तो भाकरीला लागायचा, केसांना लागायचा, मावशीकडे परत गेलं तरी चार दिवस अंगाला राहायचा. सकाळी वेचणीच्या बाया ओट्या बांधून दारात जमल्या की त्यांच्या बांगड्यांचा आणि भांडणाचा एकच आवाज. सोनाबाई त्यांची म्होरकी. ती गोंडाची, घरी त्यांची भाषा बोलणारी, आमच्याशी मात्र आमच्यासारखीच बोलायची आणि शिव्याही आमच्याच द्यायची. दुपारी माय वावरात शिदोरी न्यायची, ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि कांदा. ओल्या तुरीच्या शेंगा मडक्यात उकडून आणलेल्या असल्या तर बाया दहा मिनिटं जास्त बसायच्या आणि बा लटक्या रागानं म्हणायचा, "शेंगा खाऊन राह्यल्या का कापूस वेचून राह्यल्या?"

त्या कापसात एक काम फक्त मायचं होतं. वेचणी लागायच्या आधी ती एकटी सगळ्या वावरातून फिरायची आणि चांगल्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. ठेंगणी पण भरलेली, किडीनं न शिवलेली, बोंड पुरतं उकलणारी अशी पऱ्हाटी तिला दुरून कळायची. चिंध्या बांधलेल्या झाडांना दुसरी कोणी हात लावायचा नाही. त्यांच्या मधल्या फांद्यांचा कापूस माय वेगळा वेचायची, हातचरकीवर रुई काढायची आणि सरकी राखेत घालून मडक्यांत भरायची. तेच आमचं पुढच्या वर्षीचं बी. आमचंच नाही, मृगाच्या तोंडावर निम्मं गाव आमच्या ओसरीवर येऊन बसायचं. कोणी पायलीभर न्यायचं, कोणी ओंजळभर. माय कोणाकडून काही घेत नसे, पण "माणिकरावच्या घरचं बी" असं कोणी बाच्या नावानं म्हटलं की ती लगेच दुरुस्त करायची, "माह्या हातचं म्हना." एरवी चारचौघांत पदर कपाळापर्यंत ओढणारी बाई तेवढ्या एका वाक्यापुरती मोठ्यानं बोलायची.

अशा ऐन वेचणीत गावात जीप आली. सिनेमा काढायला मुंबईची माणसं आली, एवढंच आधी कळलं. सरकारसाठी कास्तकारावर आणि कापसावर छोटा सिनेमा काढायचा होता. तिघे जण होते. मराठी अजिबात न येणारा कॅमेरेवाला, आवाजाच्या यंत्राला पोटच्या पोरासारखं जपणारा एक घाऱ्या डोळ्यांचा माणूस, आणि या दोघांचे साहेब सामंत. तिशीचे, सडसडीत, चष्मा सारखा पुसणारे. पाटलाच्या वाड्यात त्यांची सोय केली होती, पण पहिल्याच दिवशी आमचं वावर पाहून सामंत आमच्याकडे आले ते अकरा दिवस आमच्याचकडे जेवले. मायच्या हातची पाटवडी खाताना नाकातून पाणी गळायचं, तरी तिसऱ्यांदा मागायचे. दुसऱ्या दिवसापासून ते मायला "आई" म्हणू लागले. आमच्याकडे असं कोणी परक्यानं म्हटलं की संपलंच. मायनं त्यांच्यासाठी वेगळा तांब्या काढून ठेवला.

ओसरीवर बसून ते बाला सांगायचे, "माणिकराव, आजवर शेतकऱ्याबद्दल दुसरेच बोलत आले. मला शेतकऱ्याची गोष्ट शेतकऱ्याच्या तोंडून सांगायची आहे." बा मान हलवायचा. त्याला तोंडून सांगायची फारशी सवय नव्हती, पण करून दाखवायला तो एका पायावर तयार होता. त्यांनी सांगितलं तेव्हा बैल जुंपले, सांगितलं तेव्हा सोडले. "पुन्हा एकदा" म्हटलं की पुन्हा एकदा. त्या वर्षी आमची पऱ्हाटी अशी आली होती की धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पाहिलं तर वावर पांढरंफेक दिसायचं. धुऱ्यावर एक वाकडा कडुनिंब होता. त्याच्या खाली कॅमेरा लावून त्यांनी दोन दिवस नुसतं वावर टिपलं. एक दिवस शेजारच्या डोमाजी पाटलाला बोलावून त्यालाही आमच्या कापसात उभं केलं. डोमाजी पांढरी टोपी घालून आला, बोंडं हातात धरून हसला. आम्हाला वाटलं, शेजारी म्हणून घेतलं असेल. मायनं त्याला चहा पाजला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सामंत बाला म्हणाले, "तिकडे ऊन छान पडलंय, जरा त्या वावरातून चालत या." ते वावर डोमाजीचं होतं. त्यानं त्या वर्षी सरकारी दुकानातलं बी नेलं होतं आणि कीड पडून त्याची पऱ्हाटी पार बसली होती. बा चालत गेला आणि चालता चालता, कोणी न सांगता, खाली वाकला. किडलेलं बोंड त्यानं हातात घेतलं, उकलून पाहिलं, च्‌ केलं आणि तिथंच उकिडवा बसला. दुसऱ्याच्या असो की आपल्या, कास्तकाराला किडक्या बोंडावरून तसंच पुढे जाता येत नाही. सामंतांनी ते सगळं टिपून घेतलं.

मग ते मायकडे वळले. मडकी, चिंध्या, चरकी सगळं त्यांनी बघितलं आणि पेरणीआधी सरकीला शेण-माती चोळतात तेही करून दाखवा म्हणाले. हे काम खरं मृगातलं. सरकीवर बारीक लव असते, त्यानं बिया एकमेकींना चिकटतात. शेण-मातीत चोळून वाळवल्या की सुट्या होतात आणि पेरणीच्या सरत्यातून एकेक नीट पडतात. पण एकदा चोळलेली सरकी सहा महिने ठेवता येत नाही, तिला बुरशी धरते. सामंत म्हणाले, "आई, गुरांपुढची सरकी घ्या. पडद्यावर कोणाला काय कळतंय?"

"पाहनाऱ्यायले कळन नं," माय म्हणाली. "बी दाखवाचं तं बीच दाखवीन."

बा कुरकुरला. "काऊन नासवतं? चाललं असतं ना ते बी."

"चाललं नसतं," माय म्हणाली. तिनं मडकं फोडलं, निवडलेल्या सरकीची भरली पायली अंगणात ओतली आणि तिला शेण चोळलं. कॅमेऱ्यासमोर तिनं पदर ओढला नाही, कारण दोन्ही हात शेणात होते. ती पायली पुढे वाया गेली. तिनं त्याची एकदाही खंत केली नाही.

आता माझं सांगते. मी या अकरा दिवसांत सामंतांच्या मागे सावलीसारखी होते. त्यांना हवा तो शब्द मी सांगायची, बायांना ओळीत मी उभं करायची. एकदा सोनाबाईला मी काहीतरी समजावताना त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "कुसुम, सिनेमाचं निवेदन तूच का नाही करत? शेतकऱ्याच्या लेकीचा आवाज! मुंबईतला कुठलाही निवेदक असं बोलू शकणार नाही." मला आकाश ठेंगणं झालं. बाला विचारलं तर तो नुसता हसत सुटला. रविवारी शाळेची खोली घेतली. खिडक्यांना गावभरच्या वाकळी टांगल्या, कोंबड्या हाकलल्या. रस्त्यावरच्या बंड्यांचा आवाज यंत्रात येऊ नये म्हणून बा स्वतः वळणावर जाऊन उभा राहिला. येणाऱ्या प्रत्येक बंडीवाल्याला हात जोडून सांगत होता, "थांब जरासाक, पोरगी बोलून राह्यली."

सामंतांनी कागद दिले. त्यावर वाक्यं होती, चित्रं अर्थातच नव्हती. "हे बहरलेलं पीक पाहा" हे मी अभिमानानं वाचलं. "हा शेतकरी मात्र कपाळाला हात लावून बसला आहे" हे दुःखानं. मग एक वाक्य आलं, "आणि आमच्या घरांमधलं हे जुनं शहाणपण! पेरायच्या बियांना चक्क शेण!" मी थांबले. म्हणाले, "आमच्याकडेही लावतात."

"तुमची गोष्ट वेगळी," सामंत म्हणाले. "हे दुसऱ्या शेतकऱ्यांबद्दल आहे. सुधारायला तयार नसलेल्या. ते आम्ही पुढच्या गावी टिपणार आहोत. आणि हे वाक्य जरा हसून घे. कुचकट नको. गोड, पण लोकांना लाज वाटली पाहिजे असं."

मी हसून घेतलं. पहिल्यांदा हसू फार झालं, दुसऱ्यांदा कमी. तिसऱ्यांदा इतकं बरोबर जमलं की घाऱ्या डोळ्यांच्या माणसानंही यंत्रावरून मान वर करून मला शाबासकी दिली. शेण का लावतात हे मी सामंतांना सांगू शकले असते. मला ते माहीत होतं. पण माझं लक्ष यंत्रावरच्या त्या फिरणाऱ्या चकत्यांकडे होतं.

जीप गेली तेव्हा मायनं सोबत पाटवडीचा डबा दिला. सिनेमा तयार झाला की सगळ्यांत आधी तुम्हाला दाखवणार, असं सामंत म्हणाले. मध्ये त्यांचं एक पत्र आलं, "कुसुमच्या आवाजाचं सगळे कौतुक करतात." ते पत्र मी इतक्यांदा वाचून दाखवलं की धाकट्या भावाला पाठ झालं. वैशाखात निरोप आला, अल्लीपूरच्या बाजाराच्या मैदानात सरकारी गाडी येणार आहे आणि आपला सिनेमा लावणार आहे. बानं वडनेरला मामाकडे माणूस धाडला. मामा, मामी, त्यांची सहा पोरं, सगळे बंडी जुंपून आले. मायनं लग्नातलं लुगडं काढलं. आम्ही दिवस मावळायच्या आत जाऊन पुढची जागा धरली, गावची मंडळी आमच्या मागेच बसली. दोन लाकडी बल्ल्यांना पडदा ताणला होता आणि गाडीमागचं इंजिन धडधडत होतं.

पडद्यावर पहिल्यांदा आलं ते आमचं वावर. वाकड्या कडुनिंबासकट. सोनाबाई मागून ओरडली, "अवो, हे तं आपलं वावर!" आणि सगळं गाव टाळ्या वाजवू लागलं. बानं मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. इतका आनंदी चेहरा मी त्याचा पुन्हा पाहिला नाही. मग कर्ण्यातून माझा आवाज आला. साफ, ठणठणीत. "हे बहरलेलं पीक पाहा. सरकारी बियाणं वापरणारे प्रगतिशील शेतकरी डोमाजी पाटील आज समाधानी आहेत." पडद्यावर डोमाजी आमच्या कापसात उभा राहून हसत होता. पहिलं वाक्य माझं होतं. पुढचं एका पुरुषी आवाजात होतं. ते मुंबईला जोडलं असणार. टाळ्या हळूहळू थांबल्या. मला वाटलं काहीतरी चूक झाली, आता दुरुस्त होईल. तेवढ्यात डोमाजीच्या वावरात उकिडवा बसलेला बा दिसला, हातात किडकं बोंड, आणि मीच दुःखानं म्हणाले, "हा शेतकरी मात्र कपाळाला हात लावून बसला आहे." आणि मग मायचे हात. नुसते हात, शेणानं भरलेले, पडदाभर मोठे. वर माझा आवाज, "पेरायच्या बियांना चक्क शेण!" आणि माझं हसू. मैदानात इतर गावांचे शेकडो लोक होते. त्यांना ते हात कोणाचे हे माहीत नव्हतं. हसू चांगलं जमलं होतं, त्यामुळे तेही हसले.

मला फसवलं. हे मी सरळ लिहिते, त्याला मुलामा देत नाही. ज्या माणसानं माझ्या मायला आई म्हटलं त्यानं तिचे हात तोडून घेतले आणि वर माझं हसू चिकटवलं. त्याला काहीच कळलं नसेल असंही नाही. बी कसं निवडतात हे त्यानं तासन्‌तास बसून ऐकलं होतं. तेवढं मात्र सिनेमात कुठंच नव्हतं, चिंध्याही नव्हत्या. मी त्याला रागानं चार पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं, तेही तसंच गेलं. मागच्या वर्षी नातीनं तो सिनेमा कुठून तरी मोबाइलवर शोधून काढला आणि धावत आली, "आजी, तुझा आवाज किती फ्रेश वाटतो!" मी तिला ते बंद करायला लावलं. तिला वाटलं, म्हातारीला आठवणींनी भरून आलं.

त्या रात्री परतताना बंडीत मामीनं एकदा "लाइट गंज होता नं" असं काहीतरी उजेडाचं कौतुक करून पाहिलं. गाव जवळ आल्यावर बा म्हणाला, "आपलं वावर झोकात दिसत होतं पन." त्यावर तो आयुष्यात पुन्हा बोलला नाही. डोमाजी सिनेमा संपायच्या आधीच उठून गेला होता. दुसऱ्या दिवशी तो ओसरीच्या पायरीवर येऊन उभा राहिला, "माणिकभाऊ, तुही शपथ, मले काई सांगतलं नव्हतं." बानं त्याला बस म्हटलं, पण तो बसला नाही. तो खरंच बोलत होता. पण मला माहीत नव्हतं असं मी म्हटलं असतं तर ते तेवढं खरं नसतं, आणि म्हणून मायनं विचारेपर्यंत मी ते कोणाकडे म्हटलंच नाही.

रोहिणी सरत आल्या. मायनं मडकी काढली, राख झाडली, ओसरी सारवून घेतली आणि वाट पाहत बसली. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी सोनाबाई तिच्या एकरभर जमिनीपुरती सरकी घेऊन गेली, तीही मागच्या दारानं. बाकी कोणीच नाही. अल्लीपूरला सरकारी बियाण्याची बंडी आली होती आणि आमच्या गावचेच लोक तिथं रांगेत उभे होते, असं भाऊ सांगत आला. माणिकरावकडचं बी न्यायचं म्हणजे शेणाचं बी न्यायचं. एकदा सगळ्या मैदानासमोर हसं झाल्यावर कोण येणार? मायनं उरलेली सरकी पुन्हा मडक्यांत भरली, आपल्यापुरती अंगणात घेतली आणि शेण-माती कालवायला बसली. मी तिच्या समोर जाऊन बसले आणि हात घातला. महिनाभर आम्ही दोघी कामापुरतंच बोलत होतो.

"तो मानूस मुंबईचा," माय खाली बघतच म्हणाली. "त्याले काय कळते. पन तू हासत काऊन होती?"

"मले माहीत नव्हतं माय," मी म्हणाले. "त्यानं सांगतलं, हे दुसऱ्या कोनाचं हाय. मले वाटलं, दुसऱ्याच कोनाबद्दल बोलून राह्यली मी."

ती सरकी चोळत राहिली. मग तिनं वर पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"दुसऱ्या कोनाची माय असती," ती म्हणाली, "तं चाललं असतं का वो तुले?"

मी पुन्हा शेण-मातीत हात घातला. शाळेच्या त्या खोलीत, वाकळींच्या आड, मला ते चाललंच होतं.